टबातलं कमळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आमच्या गच्चीवर कमळाचे सहा टब आहेत. सोसायटीतले लोक, त्यांचे नातेवाईक, नातेवाईकांचे ऑफिसातले मित्र अशा साखळीतून रोज कोणी ना कोणी काहीतरी विचारतं. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा टाइप करून कंटाळा आला, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतोय. आकडे आणि महिने पुणे-मुंबई पट्ट्यासाठी आहेत. कोकण आणि विदर्भासाठी फरक असेल तिथे वेगळं सांगितलं आहे.

कमळाला तळं लागतं ना? टबात खरंच फुलतं?

फुलतं. कमळाला तळं लागत नाही. चिखल, ऊन आणि न वाहणारं पाणी एवढं मिळालं की झालं. तळ्यातल्या मोठ्या जाती टबात पानंच काढत बसतात हे खरं, पण मुद्दाम लहान भांड्यांसाठी तयार केलेल्या जाती आता सहज मिळतात. नर्सरीवाले त्यांना 'बाउल लोटस' म्हणतात. त्या फूटभर रुंदीच्या भांड्यातही फुलतात.

माझ्याकडे आहे ते कमळ की कुमुद? नर्सरीवाला 'कमळच आहे' म्हणाला.

पान बघा. कमळाचं पान अखंड गोल असतं आणि देठ त्याच्या बरोबर मध्यावर चिकटलेला असतो, उलट्या छत्रीसारखा. कुमुदाच्या पानाला कडेपासून देठापर्यंत चीर असते. आणखी खात्री हवी तर देठावरून बोट फिरवा. कमळाचा देठ खरखरीत, बारीक काट्यांचा लागतो, कुमुदाचा गुळगुळीत. शिवाय कमळाची पानं थोडी वाढली की पाणी सोडून हातभर वर उठतात. कुमुदाची बहुधा आयुष्यभर पाण्यावर पसरून राहतात.

दोन्ही पाण्यात वाढतात म्हणून आपण त्यांना सख्खी भावंडं समजतो, पण ती लांबचीसुद्धा नातलग नाहीत. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात कमळाचा जवळचा नातेवाईक आहे चिनार. काश्मीरमध्ये दल सरोवरात कमळं आणि काठावर चिनार उभे असतात, ते एका घरातले! कुमुदाचं घराणंच निराळं.

कुमुद निघालं तर नाराज होऊ नका. ते सांभाळायला कमळापेक्षा सोपं आणि थोडं कमी ऊन असलं तरी फुलणारं. पुढची उत्तरं मात्र कमळासाठी आहेत.

आणि ब्रह्मकमळ, कृष्णकमळ?

नावापुरतीच कमळं. आपल्याकडे रात्री बारा वाजता ज्याची पूजा करतात, शेजारच्यांना उठवून दाखवतात, ते ब्रह्मकमळ हा मूळ अमेरिका खंडातला निवडुंग आहे. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ वेगळंच. कृष्णकमळ हा वेल. ताटातला मखानाही कमळाचा नाही, तो कुमुदाच्या कुळातल्या एका काटेरी पाणवनस्पतीचा. कमळाचं बी म्हणजे पूजेच्या दुकानात मिळतो तो कमळगट्टा.

तो कमळगट्टा रुजतो का?

रुजतो, फक्त भाजलेला किंवा माळेसाठी भोक पाडलेला नको. बी दगडासारखं असतं, नुसतं पाण्यात टाकलं तर वर्षभर तसंच पडून राहील. एका टोकाला बारीक खळगा दिसतो, ते टोक पॉलिश पेपरवर किंवा शहाबादी फरशीच्या खडबडीत बाजूवर घासा. काळं कवच जाऊन आतला मलईच्या रंगाचा भाग टाचणीच्या डोक्याएवढा दिसला की थांबा. त्यापुढे घासलं तर आतला कोंबच जखमी होतो. मग काचेच्या ग्लासात साधं पाणी घेऊन बी टाका आणि उजेडात ठेवा. घासल्यावरही जे बी दोन दिवस तरंगत राहतं ते फेकून द्या. पाणी रोज बदला, नाहीतर वास मारतं. उन्हाळ्यात चार ते सात दिवसांत हिरवा कोंब वाकडी मान काढून बाहेर येतो. तीन-चार पानं आणि पांढरी मुळं दिसली की चिखलात लावा.

हे कवच किती चिवट असतं त्याचा एक दाखला: चीनमधल्या लिआओनिंग प्रांतात एका जुन्या आटलेल्या तळ्याच्या गाळात सापडलेलं सुमारे १३०० वर्षांपूर्वीचं कमळाचं बी अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत रुजलं. जेन शेन-मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ते प्रसिद्ध केलं. तेव्हा माळ्यावरच्या डब्यातला आजीचा कमळगट्टा जुना झाला म्हणून टाकून देऊ नका.

मग बी लावू की कंद?

फूल बघायचं असेल तर कंद. बियांपासून झाडाला फुलायला बहुतेक वेळा एक-दोन वर्षं लागतात. शिवाय कमळगट्टा हा तळ्यातल्या मोठ्या जातीचा असतो, टबात तो रुसतो. आणि बियांचं झाड आईसारखं निघेलच असं नाही. कंदातून मात्र तंतोतंत तीच जात येते. लहान मुलांना गंमत म्हणून बी द्या, स्वतःसाठी कंद आणा.

ऑनलाइन निळ्या कमळाच्या बिया मिळतात. घेऊ?

नको. कमळात निळा रंग नाही. पांढरा, गुलाबी, त्यांच्या मधल्या छटा, आणि अमेरिकेतल्या पिवळ्या कमळाशी संकर करून आलेले पिवळट, पीच रंग, एवढीच यादी. जे 'नीलकमळ' आपण ऐकतो ते निळं कुमुद. मी स्वतः एकदा निळं, जांभळं, काळं अशा पंधरा बियांचं पाकीट मागवलं होतं. दहा रुजल्या, त्यातल्या तीन जगल्या आणि दुसऱ्या वर्षी एकच फुललं. गुलाबी.

टब कसला घ्यावा? तळाला भोक हवं का?

भोक नको. गोल टब घ्या. हा हौसेचा मुद्दा नाही. कमळाचा आडवा धुमारा, म्हणजे रनर, चिखलातून भांड्याच्या कडेकडेने गोल फिरत वाढतो. चौकोनी टबात तो कोपऱ्यात जाऊन अडकतो आणि टोक मोडतं.

लहान जातींना १२ ते १४ इंच रुंद भांडं पुरतं. मध्यम आणि मोठ्यांना दोन फूट रुंद आणि दीड फूट खोल टब हवा. बांधकामावरचं प्लास्टिकचं घमेलं सुरुवातीला चालतं, पण ते उथळ असतं, मे महिन्यात दिवसातून दोनदा पाणी घालावं लागेल.

गच्चीवर ठेवणार असाल तर वजनाचा हिशेब आधी करा. दोन फुटी टब अर्धा चिखल आणि अर्धा पाणी असा भरला की दीडशे किलोच्या आसपास जातो. असे चार टब गच्चीच्या मधोमध ठेवू नका, भिंतीलगत किंवा तुळईवर ठेवा. आणि भरल्यावर सरकवता येईल या भ्रमात राहू नका. जागा ठरवा, टब ठेवा, मगच माती घाला.

माती कोणती? माझ्याकडे तयार पॉटिंग मिक्स आहे.

ते गुलाबाला ठेवा. कोकोपीट, पालापाचोळ्याचं खत, परलाइट, सगळं वर तरंगून येतं आणि पाण्याची गटारगंगा होते. कमळाला जड, चिकट माती हवी. हातात ओली करून वळली की लाडू व्हावा, फुटू नये. घाटावर काळी माती मिळते, ती एकटी फार घट्ट बसते म्हणून मी त्यात तिसरा हिस्सा लाल माती घालतो. मुंबईत नर्सरीतून पिशवी आणणार असाल तर 'मिक्स नको, नुसती माती' असं दोनदा सांगा, आणि घरी आणून चाळा.

तळाशी चांगलं कुजलेलं, भुसभुशीत, वास नसलेलं शेणखत दोन इंच. त्यावर मूठभर हाडांचा चुरा. वर पाच-सहा इंच साधी माती. ताजं शेण अजिबात नको. ते पाण्याखाली कुजताना बुडबुडे काढतं, तापतं, आणि कंद सडवतं. चिखल भरून, पाणी घालून टब आठ-दहा दिवस नुसता ठेवून दिला तर उत्तम. एवढा धीर कोणालाच नसतो, पण ज्यांनी धरला त्यांचे कंद सडले नाहीत असा माझा अनुभव.

कंद कसा लावायचा?

कंद आडवा असतो, दोन-तीन पेरं आणि पुढे टोकदार कोंब. हा कोंब म्हणजे सगळं काही. तो मोडला तर कंद बहुतेक वेळा गेलाच समजा, म्हणून कंद उचलताना कोंबाकडून कधीही धरू नका.

टबाच्या कडेला, कोंब मधल्या बाजूला तोंड करून, हाताने चिखलात चर पाडा. कंद त्यात तिरका ठेवा आणि वरून दोन इंच चिखल ओढा. कोंबाचं टोक मात्र किंचित बाहेर राहू द्या, शेपटीचं टोकही थोडं वर राहिलं तर चालतं. कंद तरंगून वर येत असेल तर पेरावर एक चपटा दगड ठेवा. पाणी फक्त दोन इंच. पहिली पानं आल्यावर हळूहळू चार ते सहा इंचांपर्यंत वाढवा.

वेळ: फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्चअखेर. रात्रीची थंडी मोडली पाहिजे, एवढंच बघा.

आमच्या गॅलरीत सकाळी तीन तास ऊन येतं. चालेल?

नाही. किमान सहा तास थेट ऊन हवं. 'भरपूर उजेड आहे' याचा उपयोग नाही. तीन तासांत पानं येतील, सुंदर येतील, पण फूल नाही. तुमच्यासाठी कुमुद.

पाणी कुठलं?

नळाचं. बोअरचंही चालतं, फार क्षारट नसेल तर. आरओचं पाणी विकत आणून घालणारे एक काका मला माहीत आहेत. कमळाला त्याचं काही कौतुक नाही. पाणी बदलायचं नसतं, उडालं तेवढं भरायचं असतं. दर आठवड्याला टब घासून स्वच्छ करणाऱ्यांना हात जोडून विनंती: ती पाण्याची टाकी नव्हे. खालचा चिखल ढवळला की मुळं तुटतात.

खत कधी आणि किती?

पाण्यावर तरंगणारी पहिली पानं येतात तोवर काही नको, कंदात शिदोरी असते. पान पाणी सोडून वर उठलं, अशी दोन-तीन उभी पानं झाली, की सुरू करा. दोन फुटी टबाला एक चमचा डीएपी, वर्तमानपत्राच्या कागदात पुडी बांधून, कडेच्या चिखलात बोटभर खोल खुपसायचं. कंदापासून लांब. वीस-पंचवीस दिवसांनी दुसऱ्या बाजूला दुसरी पुडी. लहान भांड्याला पाव चमचा. सेंद्रियच हवं असेल तर हाडांचा चुरा आणि थोडी निंबोळी पेंड मातीत मळून लिंबाएवढे गोळे करा, वाळवा आणि तसेच खुपसा.

पाण्यात खत विरघळवून ओतू नका. ते कमळाआधी शेवाळ खातं.

पहिल्या वर्षी मी 'एक चमच्याने काय होणार' म्हणून मूठभर डीएपी घातलं होतं. चौथ्या दिवशी पानांच्या कडा तळलेल्या पापडासारख्या कुरकुरीत झाल्या, आठव्या दिवशी टबात फक्त पाणी आणि माझी लाज उरली. ऑक्टोबर लागला की खत बंद.

चार महिने झाले, पानंच पानं. कळी का येत नाही?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि विचारणारा नेहमी 'कुठलं औषध घालू?' या तयारीने येतो. औषध नाही. क्रमाने बघा.

आधी ऊन मोजा. अंदाजाने नको, एका रविवारी सकाळी सात ते संध्याकाळी पाच दर तासाला टबावर ऊन आहे का ते लिहून काढा. मार्चमध्ये भरपूर ऊन असलेली जागा जूनमध्ये सूर्य सरकल्यावर सावलीत जाते, आणि शेजारच्या इमारतीची सावली आपल्याला मोजल्याशिवाय कळत नाही. माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी बहुतेक इथेच संपतात.

ऊन ठीक असेल तर जात विचारा. तळ्यातलं कमळ घमेल्यात लावलं असेल तर ते फुलण्याआधी जागा शोधत बसतं.

मग खत. युरिया किंवा ताज्या शेणाची स्लरी घातली असेल तर नत्र जास्त झालं. पानं ताटाएवढी, गडद हिरवी, देखणी, आणि कळी शून्य. नत्र थांबवा, वाट बघा.

मग पानांचा प्रकार बघा. कमळाची कळी उभ्या पानाच्या शेजारून, त्याच पेरातून वर येते. टबात सगळी पानं अजून तरंगतीच असतील तर झाड वयात आलेलं नाही. खुडून, टोचून, उपटून बघून ते लवकर वयात येत नाही. लहान जाती कंद लावल्यापासून दीड-अडीच महिन्यांत कळी दाखवतात, मोठ्या जातींना अख्खा हंगाम लागू शकतो.

आणि शेवटचं, जे कोणालाच आवडत नाही. टब सारखा हलवू नका. पाहुणे आले की हॉलसमोर, गेले की मागे, असं फिरवलेलं कमळ मी फुललेलं पाहिलेलं नाही.

कळी आली होती, पण वाटाण्याएवढी असतानाच काळी पडली.

पहिल्या एक-दोन कळ्यांचं असं होतं. झाडाला तेवढी ताकद नसते. सलग ढगाळ हवा, नुकतंच जास्त झालेलं खत, टबाची हलवाहलव हीही कारणं असतात. तिसरी-चौथीही गेली तर उन्हाचा हिशेब पुन्हा करा.

पानं पिवळी पडताहेत.

सर्वात जुनी, खालची, तरंगती पानं पिवळी पडत असतील तर ते त्यांचं म्हातारपण आहे, काळजी नको. नवीन पानंच फिकी आणि शिरा हिरव्या असतील तर अन्न कमी पडतंय.

पिवळं पान कापा, पण देठ पाण्याच्या वर दोन-तीन इंच ठेवून. हे फार महत्त्वाचं. देठ आतून पोकळ असतो, त्यातल्या नळ्यांमधून पानाची हवा खाली चिखलातल्या कंदापर्यंत जाते. कापलेला देठ पाण्याखाली गेला तर त्याच वाटेने पाणी आत शिरतं आणि कंद सडू शकतो. एखादा देठ उन्हात आडवा कापून बघा, भेंडीच्या चकतीसारखी भोकं दिसतात. कापताना दुधासारखा चीक येतो आणि दोन तुकडे हळूच ओढले तर मधे कोळ्याच्या जाळ्याहून बारीक तंतू ताणले जातात. संस्कृत कवींचे ते बिसतंतू हेच.

डास होतील, डेंगी होईल. बायको नको म्हणते.

बरोबर म्हणते. साठलेल्या पाण्यात अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पण उपाय सोपा आहे: गप्पी मासे. दोन फुटी टबात चार-पाच सोडा, खायला काही घालू नका, अळ्या हेच त्यांचं जेवण. महापालिकांचे मलेरिया विभाग बऱ्याच ठिकाणी ते देतात, नाहीतर मत्स्यालयाच्या दुकानात किरकोळ किमतीत मिळतात. फक्त कंद लावल्यापासून गप्पी सोडेपर्यंतचे दिवस मोकळे सोडू नका, त्यातच लोक फसतात. वाढलेले गप्पी नदी-तळ्यात नेऊन सोडू नका. ते आपल्याकडचे नाहीत, आणि तिथल्या स्थानिक माशांची पिल्लंही खातात. शेजाऱ्याच्या टबाला द्या.

गोल्डफिश नको, तो चिखल उकरतो. कासव तर मुळीच नको. ते पानं सॅलडसारखी खातं, आणि देशी जातींची कासवं घरात पाळणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

कोवळ्या पानांवर आणि कळीच्या देठावर काळे ठिपके चिकटलेत.

मावा. पाइपला बोट लावून पाण्याची जोरदार धार मारा, पाण्यात पडलेला मावा गप्पी खातात. तीन-चार दिवस ओळीने करा. निंबोळी तेल इथे सांभाळून. कमळाच्या पानावर तेल दुपारी पडलं तर तिथे भाजल्यासारखा डाग उमटतो. वापरायचंच असेल तर अगदी पातळ, सूर्य मावळल्यावर, आणि आधी एका पानावर करून बघा. बाजारातली कीटकनाशकं टबात मारली तर मासे सकाळी उलटे तरंगताना दिसतील.

पान कडेने गुंडाळलेलं दिसलं तर आत अळी आहे. चिमटीत धरून काढा.

पाणी हिरवं झालंय. जलपर्णी टाकली तर स्वच्छ होईल असं कोणी म्हणालं.

ज्यांनी म्हटलं त्यांना मुळा-मुठेच्या किंवा पवनेच्या काठावर उभं करा. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून आली आणि इथल्या नद्या-तलावांवर गादी घालून बसली. घरात आणू नका, आणलीच असेल तर उन्हात पूर्ण वाळवून फेका.

नवीन टबात पहिले काही आठवडे हिरवं पाणी येतंच. पानांनी अर्धा पृष्ठभाग झाकला की ऊन खाली पोचत नाही आणि ते आपोआप निवळतं. केसासारखं लांब शेवाळ मात्र काडीला गुंडाळून काढत राहा, ते कोवळ्या कोंबाला आवळतं.

पावसाळ्यात टब भरून वाहतो, माती बाहेर येते.

काठाच्या दोन इंच खाली एक भोक पाडा आणि आतून मच्छरदाणीचा तुकडा चिकटवा. जादा पाणी निघून जातं, मासे आणि माती आत राहतात. कोकणात आणि मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये सूर्यच दिसत नाही, तेव्हा फुलं कमी होतात. सप्टेंबरच्या उन्हात पुन्हा जोर धरतं. वादळी वाऱ्यात उभ्या पानांचे देठ मोडतात, म्हणून टब आडोशाला ठेवलेला बरा.

आम्ही नागपूरला. मे महिन्यात टबातलं पाणी हाताला चटका देतं.

कमळाला ऊन हवं, उकळी नको. काळा प्लास्टिकचा टब तुमच्याकडे सर्वात वाईट. त्याला बाहेरून गोणपाट गुंडाळा आणि ते ओलं ठेवा, किंवा टब विटांच्या आळ्यात बसवा. दुपारी बारा ते चार वर हिरवी जाळी बांधा. पाण्याची खोली दोन-तीन इंच जास्त ठेवा आणि भर संध्याकाळी घाला. पानांच्या कडा गरम वाऱ्याने तपकिरी झाल्या तर घाबरू नका, नवीन पानं नीट येतात.

नोव्हेंबरमध्ये सगळी पानं करपली. मेलं का?

झोपलं. दिवस लहान झाले की झाड वरचा संसार आवरून चिखलात कंद भरतं. डिसेंबरच्या टबात नुसतं गढूळ पाणी आणि चार काळे देठ असतात. दरवर्षी या महिन्यात कोणीतरी टब रिकामा करून कंदासकट माती कुंडीत घालतं आणि त्यात झेंडू लावतं. तसं करू नका. पाणी चार इंच ठेवा, खत बंद, गप्पी चालू. मुंबई-कोकणात थंडी नसल्याने काही जाती पूर्ण झोपत नाहीत, एखाद-दुसरं पान राहतं. तेही ठीक.

कंद बाहेर कधी काढायचे?

जानेवारीअखेर ते फेब्रुवारीचा मध्य, वर्षातून एकदा. नाही काढले तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी टबात कंदांची इतकी गर्दी होते की फुलं थांबतात.

हे काम घाईचं नाही. आधी मासे बादलीत काढा, मग पाणी उपसा आणि टब हळूच आडवा करा. चिखलाचा गोळा केकसारखा निघतो. त्यात खुरपं किंवा फावडं अजिबात घालायचं नाही. पाइपच्या मंद धारेने माती धूत राहायचं. आधी काळी मुळं दिसतात, मग टबाच्या तळाशी वेढे घातलेला पिवळसर पांढरा दोर आणि त्याच्या शेवटी फुगलेली पेरं, बटाट्यांची माळ असावी तशी. पहिल्या वर्षी एका कंदाचे माझ्याकडे पाच झाले. दोन लावले, दोन वाटले, आणि पाचव्याचा कोंब माझ्याच अंगठ्याखाली मोडला. तो 'टक्' आवाज अजून लक्षात आहे. त्याची भाजी केली.

म्हणजे घरची कमळकाकडी खाता येते?

येते, पण शोभेच्या जातींचे कंद बोटाएवढे बारीक आणि तंतुमय. काश्मिरी नदरूची चव अपेक्षित असेल तर बाजारातून आणा. कीटकनाशक मारलेल्या टबातलं खाऊ नका.

पानावर पाणी का थांबत नाही?

अळवावरचं पाणी आपल्याला म्हणीतून माहीत आहे, कमळाचं तेच, थोडं जास्तच. पानावर डोळ्यांना न दिसणारे असंख्य उंचवटे असतात आणि त्यांवर मेणाचा थर. थेंब फक्त उंचवट्यांच्या टोकांना टेकतो, घरंगळतो आणि जाताना धूळ घेऊन जातो. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट यांनी १९९७ मध्ये याचं सविस्तर स्पष्टीकरण मांडलं. त्यावरून आपोआप स्वच्छ राहणारे रंग आणि काचा तयार झाल्या. म्हणूनच पानावर फवारलेलं खत फुकट जातं. थेंबाथेंबाने पाण्यात पडतं आणि शेवाळाला मिळतं.

फूल किती दिवस टिकतं?

तीन ते चार. पहिल्या पहाटे ते वाटीएवढंच उघडतं आणि दुपारच्या आत मिटतं, त्यामुळे नऊ वाजता उठणाऱ्यांना 'अजून कळीच आहे' असं वाटतं. दुसऱ्या सकाळी पूर्ण उमलतं, वासही भरून असतो. तिसऱ्या दिवशी रंग उतरतो आणि चौथ्या दिवशी पाकळ्या एकेक करून पाण्यात पडतात.

पहिल्या-दुसऱ्या पहाटे उमलत्या फुलात हळूच बोट घालून बघा. कोमट लागतं. कमळ स्वतः उष्णता तयार करतं. ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या वनस्पती उद्यानात रॉजर सेमूर आणि पॉल शुल्ट्झ-मोटेल यांनी मोजलं तेव्हा बाहेर १० अंशांपर्यंत गारठा असतानाही फुलाच्या आत ३० ते ३६ अंश टिकून होते. उबेला येणारे किडे रात्रभर आत राहतात आणि अंगभर पराग घेऊन सकाळी निघतात.

सहस्रदळ कमळ नवशिक्याने आणावं का?

पहिल्या वर्षी नको. त्याला मोठा टब, आठ तास ऊन आणि संयम लागतो. पाकळ्यांच्या ओझ्याने फूल वाकतं, पावसात तर लोळतंच. पाकळ्यांची हौसच असेल तर लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने २०२३ मध्ये १०८ पाकळ्यांची 'नमोह १०८' ही जात पुढे आणली, तिचं मूळ मणिपूरचं. आधी एखादी साधी गुलाबी बाउल जात फुलवा.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. बर्फात टिकेल?

कंद गोठला नाही तर टिकतं. जमिनीत गाडलेलं खोल तळं असेल तर बर्फाच्या थराखाली कंद सुखरूप राहतो. टब मात्र गराजमध्ये न्या, चिखल ओला ठेवा, आणि एप्रिल-मेमध्ये बाहेर काढा. तुमच्याकडचं पिवळं कमळ तर अमेरिकेचंच आहे, थंडी त्याच्या अंगवळणी पडलेली.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आपल्या टबातलं फूल मिळेल?

गणपतीत नक्की, नवरात्रात बहुधा, लक्ष्मीपूजनाला नशीब. तोवर झाड आवराआवर करायला लागलेलं असतं. दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यावर आली तर शक्यता बरी. नोव्हेंबरात गेली तर फूलबाजारात जावं लागेल, आणि त्या दिवसाचा भाव ऐकून पुढच्या वर्षी तुम्ही आणखी दोन टब लावाल.

कळी तोडून देवापुढच्या तांब्यात ठेवली, उमललीच नाही.

उमलत नाही. तोडलेली कमळाची कळी पाण्यात ठेवली तरी बहुतेक वेळा तशीच मिटलेली राहते आणि दोन दिवसांत कडेने काळी पडते. फूलवाले पाकळ्या हाताने एकेक बाहेर दुमडून देतात ते याचसाठी. तोडायचंच असेल तर दुसऱ्या दिवसाची सकाळ पकडा, सहा-साडेसहाला, ते पूर्ण उघडलेलं असताना. देठ पाण्याच्या वर कापा. आमच्याकडे आई तोडू देत नाही, ती निरांजन घेऊन गच्चीवर जाते.